करुणा : वैद्याच्या दिनचर्येतील विसरलेला विधी



दरवर्षी धन्वंतरी पूजनाच्या निमित्ताने आपण एकत्र येतो. समईच्या प्रकाशात एखादे ज्येष्ठ वैद्य करुणेविषयी बोलतात, आपण माना डोलावतो, प्रसाद घेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या दवाखान्याचे व दुकानाचे शटर वर करतो. आदल्या दिवशीच्या भाषणातील करुणा त्या शटरच्या आत किती येते, हा प्रश्न आम्ही या लेखात आधी स्वतःला आणि मग आपणां सर्वांना विचारू इच्छितो. ग्रंथ वाचताना हा प्रश्न आम्हांस सुचला असता तर त्यात काही विशेष नव्हते. तो आमच्यापुढे आला आपल्याच जिल्ह्यातील एका आपत्तीमुळे.

शेगाव तालुक्यातील ते दिवस

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा आदी गावांतून विलक्षण वार्ता येऊ लागल्या. डोक्याला खाज सुटते, केस राठ होतात आणि अवघ्या काही दिवसांत मुठीमुठीने हातात येतात, असे लोक सांगत होते. पाहता पाहता १८ गावांतील पावणेतीनशेच्या आसपास स्त्री-पुरुष व मुले या विकाराने ग्रस्त झाली. काहींनी त्यास ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन भीतीत भर घातली. प्रारंभी पाण्याविषयी व बुरशीजन्य संसर्गाविषयी शंका घेतली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली, पाणी, रक्त व केस यांचे नमुने तपासणीसाठी गेले. महाडचे सुप्रसिद्ध चिकित्सक पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या भागात जाऊन नमुने गोळा केले. रुग्णांच्या रक्तात, मूत्रात व केसांत सेलेनियमचे प्रमाण अतिशय वाढलेले व जस्ताचे प्रमाण घटलेले आहे आणि त्याचे मूळ स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या गव्हात आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. एप्रिल २०२५ मध्ये याच भागातील काही रुग्णांची नखे कमकुवत होऊन गळू लागली, तेव्हा भीतीची दुसरी लाट आली.

या विकाराच्या संप्राप्तीची चर्चा जाणकारांनी स्वतंत्रपणे करावी. आमचा विषय निराळा आहे. त्या दिवसांत हे रुग्ण आपल्या दारात आले तेव्हा आपण त्यांच्याशी कसे वागलो, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

आमची कबुली

घाटाखालच्या एका गावातून एक बाई आपल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीने स्कार्फ घट्ट बांधला होता व मान खाली घातली होती. आम्ही स्कार्फ काढावयास सांगितले, क्षणभर पाहिले, नाडीवर बोटे ठेवली आणि दुसऱ्या हाताने पेन उचलले. केश्य तेल, एक रक्तप्रसादक काढा, एक गोळ्यांची डबी. आईने विचारले, “डॉक्टरसाहेब, हे झालं कायच्यानं?” आम्ही एका क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “पित्त वाढलंय, रक्त बिघडलंय.” बाईंनी पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले व त्या गेल्या. त्या दिवशी तशाच प्रकारचे आणखी चार रुग्ण आले आणि चौघांनाही तेच तेल, तोच काढा व तेच उत्तर मिळाले.

सुमारे दोन आठवड्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. या वेळी दवाखान्यात गर्दी नव्हती, म्हणून की काय, आम्ही त्या मुलीस प्रथमच तिच्याविषयी विचारले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “वर्गात माह्या बाजूला कोणी बसत नाही.” बारावीचे वर्ष असूनही तिने कॉलेजात जाणे बंद केले होते. शेजारणींनी आपल्या मुलांना त्यांच्या अंगणात पाठविणे सोडले होते. घरात तिच्या लग्नाची चिंता रात्रंदिवस चालू होती. पहिल्या भेटीत यातील एक अक्षरही आम्हांस कळले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. तेल चुकीचे दिले, ही खंत नव्हती. त्या तेलाने अपाय होण्यासारखे काही नव्हते. खंत ही होती की, जे आम्हांस ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्याच्या थाटात आम्ही सांगितले आणि जे विचारावयास हवे होते ते विचारले नाही.

करुणा सुटली की शास्त्रही सुटते

वाचकहो, या प्रसंगाचा आम्ही जितका विचार केला तितकी एक गोष्ट अधिकाधिक स्पष्ट होत गेली. आपण सहसा असे समजतो की, ज्ञान ही एक वस्तू आहे व करुणा ही दुसरी. ज्ञान चिकित्सेसाठी आणि करुणा शोभेसाठी! परंतु त्या दिवशी आमच्या हातून करुणेबरोबर शास्त्रही सुटले होते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा स्वतंत्र अध्याय सांगितला आहे. गंगातीरी, कांपिल्य नगरीत भगवान आत्रेय अग्निवेशास समजावतात. माणसांची प्रकृती भिन्न, आहार भिन्न, बल भिन्न, वय भिन्न. तरीही एकाच वेळी एकाच प्रकारचा विकार अनेकांना होत असेल, तर वैद्याने जे सर्वांना समान आहे त्याकडे वळावे. वायू, जल, देश व काल हे ते समान भाव. हा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. एकाच दिवशी भिन्न प्रकृतीचे पाच रुग्ण एकच लक्षण घेऊन आमच्यासमोर बसले असता आम्हांस त्याचे स्मरण झाले नाही. पाचही जणांच्या माथी आम्ही पित्त मारले. घरी पाणी कोणते, धान्य कोठले, एका घरात किती जणांना हा त्रास आहे, हे तीन प्रश्न आम्ही विचारले असते तर आमचा आयुर्वेद निदान योग्य दिशेने तरी पाहू लागला असता. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र. परंतु निदान शोधावयास रुग्णाजवळ थांबावे लागते आणि थांबण्यासाठी त्याच्याविषयी काहीतरी वाटावे लागते. आम्ही थांबलो नाही, कारण तेलाची बाटली हाताच्या अंतरावर होती.

चार वृत्ती आणि आपला दवाखाना

वैद्याची वृत्ती चार प्रकारची असावी, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि मरणासन्नाविषयी उपेक्षा. योगदर्शनात व बौद्ध परंपरेत अशाच चार भावना येतात. तेथे त्या साधकाच्या चित्तशुद्धीसाठी आहेत. आपल्या आचार्यांनी त्या थेट व्यवसायात आणून ठेवल्या. म्हणजे वैद्याने ध्यानासाठी वेगळे आसन मांडावे याची वाट शास्त्राने पाहिलेली नाही. रुग्णासमोरची खुर्ची हेच त्याचे आसन होय.

यांपैकी मैत्री ही रुग्णापुरती नाही. समोरच्या गल्लीतील दुसऱ्या वैद्याविषयी, पुड्या बांधणाऱ्या मुलाविषयी आणि ज्याच्याकडून आपण गुळवेल व शतावरी घेतो त्या माणसाविषयीही ती असावी लागते. प्रीती म्हणजे बरा होऊ शकणाऱ्या रोग्यासाठी उत्साहाने झटणे. साधा अम्लपित्ताचा रुग्ण चौथ्यांदा आला म्हणून आपण कंटाळतो, तेथे प्रीती उणी पडते.

सर्वांत अधिक गैरसमज उपेक्षेविषयी आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात वृक्कविकाराचे रुग्ण आपण सर्वच पाहतो. डायलिसिस टाळता येईल का, एखादे भस्म आहे का, असे विचारीत त्यांचे नातेवाईक येतात. त्या वेळी दोन सोपे मार्ग असतात. एक, आशा दाखवून महागडा कल्प देणे. दुसरा, “आमच्या हातात काही नाही” असे म्हणून दार दाखविणे. दोन्ही अधर्म्य आहेत. मूत्रपिंडे निकामी होत असता धातुघटित कल्प देणे धोक्याचे आहे, वृक्करोगतज्ज्ञाचे उपचार सोडू नका, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आणि त्यानंतरही पथ्य, निद्रा, मलप्रवृत्ती, घरच्यांचा धीर यांसाठी त्या कुटुंबाच्या सोबत राहणे, हे आम्हांस खऱ्या उपेक्षेचे रूप वाटते. आपल्या यशाचा मोह तेवढा सोडावयाचा. माणूस सोडावयाचा नाही.

औषधालयाच्या काउंटरवर

औषधालयांच्या चालक मित्रांना असे वाटण्याचा संभव आहे की, हे सर्व वैद्यांपुरते आहे. तसे नाही. कित्येक खेड्यांतील माणूस वैद्याकडे जाण्यापूर्वी आपल्या काउंटरवर येतो. त्याला कोणी तपासलेले नसते. तो आपल्या एका शब्दावर विसंबून औषध नेतो. शेगाव तालुक्यातील त्या दिवसांत केसांच्या तेलाला किती मागणी होती, हे आपणांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल. दहावर दोन बाटल्यांची स्कीम समोर असता गिऱ्हाइकाला “आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, नमुना द्या, मग तेलाचे पाहू” असे सांगणे सोपे नाही. ज्यांनी ते सांगितले त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. त्यांनी त्या दिवशी एक विक्री गमावली व एक घर जोडले.

सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांचेही असेच आहे. दोन दिवसांत ठणका थांबविणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते, हे आपल्या व्यवसायात कोणास माहीत नाही? त्या पुडीने म्हातारीला आज चालता येते; पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि शेवटी बदनाम होतो तो आयुर्वेद. अशी पुडी दुकानात न ठेवणे ही शुद्ध करुणा आहे, जरी ती घेणाऱ्या म्हातारीला ते कधीच कळणार नसले तरी. तीन महिने सलग रेचक चूर्ण नेणाऱ्या वृद्धास “बाबा, एकदा पोट दाखवून घ्या” एवढे म्हणणे, हेही त्याच जातीचे काम होय.

करुणा शिकता येते काय?

करुणा उपजत असावी लागते, असे अनेकजण म्हणतात. आमचे मत निराळे आहे व त्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज शेगावी प्रकट झाले. उष्ट्या पत्रावळीवरील भाताची शिते वेचून खाताना ते प्रथम दृष्टीस पडले, असे परंपरा सांगते. लोकांनी टाकून दिलेले ज्यांनी मोलाचे मानले, त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थानातील सेवेकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. पादत्राणे सांभाळणारा असो, फरशी पुसणारा असो वा रांग लावणारा असो, तो येणाऱ्या प्रत्येकास ‘माऊली’ म्हणतो. यातील कित्येकजण शेतकरी आहेत, नोकरदार आहेत, दुकानदार आहेत. आपली पाळी आली की येतात, सेवा करतात व परत जातात. दिवसभरात हजारावा माणूस समोर आला तेव्हा त्या सेवेकऱ्याच्या अंतःकरणात प्रेमाचा उमाळा असतोच, असे नाही. तोही थकतो. परंतु शब्द ठरलेला आहे, हात जोडणे ठरलेले आहे, आवाजाची पट्टी ठरलेली आहे. दिवंगत शिवशंकरभाऊ पाटील यांनी दीर्घकाळ जी शिस्त जोपासली, तिचे मर्म आम्हांस यातच दिसते. आधी आचार ठरवावा. भाव त्याच्या मागोमाग येतो.

हेच तत्त्व आपल्या शास्त्रात आहे. वाग्भटाचार्यांनी कीड-मुंगीलाही आपल्यासारखेच मानण्याचा उपदेश दिनचर्येच्या अध्यायात केला. दंतधावन, अंजन, अभ्यंग यांच्याच पंक्तीत. चरकाचार्यांनी सत्य बोलणे, क्रोध न करणे, दयाभाव ठेवणे यांस आचार रसायन म्हणून रसायनाच्या प्रकरणात स्थान दिले. अभ्यंग जसा रोज करावयाचा, मनाला वाटेल तेव्हा नव्हे, तशीच करुणाही रोज करावयाची आहे.

वैद्याचा प्रज्ञापराध

रुग्णाच्या प्रज्ञापराधाविषयी आपण भरभरून बोलतो. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश झाला की माणूस जाणूनबुजून अहितकर कर्म करतो, हे आपण त्याला समजावतो. वैद्याचाही प्रज्ञापराध असतो, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. “हे मला खरोखर समजले आहे काय?” असे विचारते ती वैद्याची धी. उत्तर येईपर्यंत पेन उचलू देत नाही ती धृती. मागील भेटीत या मुलीने काय सांगितले होते, तिचे कॉलेज पुन्हा सुरू झाले का, हे लक्षात ठेवते ती स्मृती. अध्यात्मज्ञान या मोठ्या शब्दाचा आमच्यासारख्या सामान्य वैद्याच्या आवाक्यातील अर्थ एवढाच आहे आणि आम्हांस तोही पुरेसा कठीण वाटतो.

काही नित्य नियम

वरील प्रसंगानंतर आम्ही स्वतःसाठी काही नियम घालून घेतले. ते उपदेश म्हणून नव्हे, तर विचारार्थ येथे मांडतो.

१. पहिली दोन मिनिटे पेनाला स्पर्श करावयाचा नाही. रुग्णाने बोलावयाचे, आम्ही ऐकावयाचे.

२. प्रत्येक नव्या रुग्णास रोगाबाहेरचा एक प्रश्न विचारावयाचा. झोप कशी लागते, घरी कोण कोण आहे, यंदा पीक काय म्हणते. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या, २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे, हे विसरता येत नाही. अनिद्रा व अरुचीची तक्रार घेऊन आलेला शेतकरी कित्येकदा त्याहून मोठे ओझे घेऊन आलेला असतो. तशी शंका आल्यास शांतपणे सरळ विचारावे, फवारणीची औषधे घरात हाताशी न ठेवण्याविषयी कुटुंबीयांना सांगावे, मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. ब्राह्मी व जटामांसी देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

३. जे समजले नाही त्यास “समजले नाही” असे म्हणावयाचे. खरे सांगावयाचे तर प्रतिष्ठा जाईल, ही आमची भीती निराधार ठरली. मायलेकींना आम्ही दुसऱ्या भेटीत तसे सांगितले, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “मंग कोणाले दाखवाव ते तरी सांगा.” त्यांना आमच्या अज्ञानाचा राग आला नाही. त्यांना पुढची वाट हवी होती.

४. एकच लक्षण घेऊन तीन रुग्ण एका गावातून आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावयाचे.

५. न समजलेल्या रुग्णांची एक वही ठेवावयाची व तीच सोबत घेऊन संघटनेच्या बैठकीस जावयाचे. आपल्या बैठकांत यशोगाथा पुष्कळ ऐकावयास मिळतात. अपयशाची वही कोणी उघडत नाही आणि म्हणून एकाचे अपयश दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

एक आक्षेप

“करुणेने दुकानाचे भाडे निघत नाही,” असे काही तरुण वैद्य म्हणतील. त्यांची अडचण आम्ही जाणतो. कर्जाचे हप्ते, मुलांचे शिक्षण, समोर उभी राहणारी मोठी रुग्णालये हे सारे खरे आहे. परंतु शास्त्राने वैद्याचा योगक्षेम कोठेही निषिद्ध मानलेला नाही. धर्माबरोबर अर्थही आयुर्वेदाच्या अध्ययनाचे प्रयोजन सांगितले आहे. चरकाचार्यांचा रोष आहे तो चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्यावर; असा वैद्य सोन्याची रास सोडून धुळीचा ढीग उपसतो, असा त्यांचा आशय आहे. योग्य शुल्क मोकळेपणाने घ्यावे. न समजलेल्या रोगाचे औषध मात्र समजल्याच्या भावात विकू नये. एवढीच मर्यादा पाळली तरी पुष्कळ आहे. आपल्या भागात दवाखान्याची ख्याती फलकाने पसरत नाही. आठवडी बाजारात, एस.टी.च्या बाकावर, विहिरीच्या काठावर जे बोलले जाते त्यानेच ती पसरते किंवा बुडते.

ती मुलगी पुढे परीक्षेस बसली. केस हळूहळू परत येऊ लागले होते. ते आमच्या औषधाने आले असा दावा आम्ही करीत नाही. औषध न घेतलेल्या काहींचेही केस परत येताना आम्ही पाहिले. पुढे एकदा ती आईच्या गुडघ्यांसाठी आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या डोक्यावर स्कार्फ नव्हता. आम्ही प्रथम तिच्या परीक्षेची चौकशी केली आणि मग गुडघ्यांकडे वळलो. त्या वेळी बाहेर बाकावर सहा रुग्ण खोळंबले होते आणि आमची दोन मिनिटे लांबली, याबद्दल त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नाही.

पुढील त्रैमासिक बैठकीत प्रत्येकाने आपल्या ‘न समजलेल्या’ वहीतील एक तरी नोंद सोबत आणावी, अशी आमची नम्र सूचना आहे. औषधालयांच्या चालकांनीही ज्या गिऱ्हाइकाला त्यांनी औषध न देता परत पाठविले, अशा एकाची हकीकत सांगावी. आमची वही आम्ही आणणार आहोतच. तिचे पहिले पान कोणाचे आहे, ते वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

इति शम्।